बालेवाडीचे दोन दिवस आणि चौदाशे फोटो

प्रवासवर्णन म्हटलं की आपल्या अंकात काश्मीर येतं, केरळ येतं, मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या काका-काकूंचा नायगारा येतो. माझा प्रवास त्या मानाने फारच छोटा आहे. इंदूर ते पुणे, रात्रीची बस, दोन दिवस. त्यातही शनिवारवाडा नाही, सारसबाग नाही, तुळशीबाग तर नाहीच. दोन्ही दिवस आम्ही बालेवाडीच्या क्रीडासंकुलात टेनिस बघत बसलो होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी भाची. गोष्ट जानेवारी २०१९ ची. तेव्हा ती नववीत होती.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. फोटोग्राफी हा छंद, आणि तोही इंदुरातल्या इंदुरात. रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर, सराफ्यातली रात्र, चिमनबागेच्या मैदानावरचं क्रिकेट, एवढीच माझ्या कॅमेऱ्याची दुनिया. स्नेहलतागंजातल्या आमच्या घरात माझ्या हार्ड डिस्कला "तुझं संग्रहालय" म्हणतात, आणि त्यात कौतुकाचा भाग कमी असतो. २०१४ साली आपल्या गावात टेनिसची चॅलेंजर स्पर्धा झाली, साकेत मायनेनीने ती जिंकली, तेव्हा मी ऑफिसच्या रिलीजमध्ये अडकलो होतो आणि एकही सामना बघू शकलो नव्हतो. घरापासून रिक्षाच्या अंतरावरची स्पर्धा हुकली, ही खंत मनात होतीच. त्यामुळे पुण्याच्या स्पर्धेची तिकिटं निघाली तेव्हा मी दोन काढली.

ज्यांना टेनिसची फार माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये चार ग्रँड स्लॅम सोडून वर्षभर जगभर ज्या स्पर्धा चालतात, त्यांपैकी एक भारतात होत असे. १९९७ पासून ती चेन्नईत होती. २०१८ मध्ये ती पुण्यात आली आणि 'महाराष्ट्र ओपन' झाली. म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धाही झाल्या. तिथलंच टेनिस स्टेडियम. २०१९ ची स्पर्धा वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात होती: शुक्रवारी, ४ जानेवारीला उपांत्य सामने, शनिवारी, ५ तारखेला अंतिम.

आता दुसऱ्या तिकिटाबद्दल. भाची दहा वर्षांची असल्यापासून टेनिस खेळत होती. पुढच्या वर्षी दहावी. घरात काही दिवसांपासून कुजबुज चालली होती. आपल्याकडच्या सगळ्या घरांत चालते तीच. कोचिंगची फी, स्पर्धेसाठी भोपाळ-रायपूर, रॅकेटच्या तारा, संध्याकाळचे दोन तास, आणि हे सगळं कशासाठी? माझी ताई काही खेळाच्या विरोधात नव्हती. पण मी तिकिटं काढल्याचं सांगितलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "ने तिला. मोठी स्पर्धा एकदा डोळ्यांनी बघू दे. आणि येताना जरा समजव. आता पुरे म्हणावं. तुझं ती ऐकते."

म्हणजे मी कॅमेऱ्याबरोबर एक निरोपही घेऊन निघालो होतो.

गुरुवारी रात्री बसमध्ये बसलो. शुक्रवारची शाळा बुडणार म्हणून भाची खूष, आणि शुक्रवारची रजा मंजूर झाली म्हणून मी. खलघाटला नर्मदेचा पूल आला तेव्हा ती जागी होती. आजीने दिलेलं नाणं तिने खिडकीच्या फटीतून टाकलं आणि झोपून गेली. सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट, मग महाराष्ट्र. मी मात्र जागाच. काय आणि कसं बोलायचं याची मनात उजळणी करत होतो. "हे बघ, खेळ कुठे पळून जात नाही." छे. "दहावी झाली की मग आहेच." हे वाक्य मी स्वतः अकरावीत ऐकलं होतं, फक्त दहावीच्या जागी पीईटी होती. तेव्हा मी टेबल टेनिस खेळायचो.

सकाळी पुण्यात उतरलो आणि कोथरूडला मावशीकडे गेलो. इंदूरहून जाताना काय न्यायचं हा प्रश्न आपल्याला कधीच पडत नाही: लसणीची शेव आणि जिरावण. मावशीने पोहे केले होते. त्यावर आम्ही दोघांनी जिरावण आणि शेव घातलेली बघून ती म्हणाली, "अरे, चव तरी बघा आधी!" बघितली. छानच होते. तरी जिरावण घातलंच.

दुपारी बालेवाडीला पोहोचलो. दारात बॅगा तपासत होते आणि माझ्या पोटात गोळा. माझी लेन्स ७०-३०० ची, म्हणजे शौकीन माणसाची. वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांकडे असते तशी तोफ नव्हे. पण ही तरी आत सोडतील का? सोडली. आत शिरलो आणि पहिल्यांदाच ते निळं कोर्ट प्रत्यक्ष पाहिलं. टीव्हीवर कोर्ट मोठं दिसतं. खरं कोर्ट लहान वाटतं, आणि त्यावर चाललेला खेळ अंगावर येईल इतका वेगवान. हा पहिला धक्का.

दुसरा धक्का कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर. पहिल्या अर्ध्या तासात दोनशे फोटो काढले आणि एकातही चेंडू नव्हता. खेळाडू होता, रॅकेट होती, तोंड वेडंवाकडं झालेलं होतं, पण चेंडू कुठेच नाही. जणू दोन मोठी माणसं रॅकेटने माश्या मारत होती.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. माझा कॅमेरा सेकंदाला पाच फोटो घेतो, म्हणजे दोन फोटोंमध्ये ०.२ सेकंदाचं अंतर. ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस सेकंदाला सुमारे ५५ मीटर जाते. म्हणजे माझ्या एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत चेंडू ११ मीटर पुढे गेलेला असतो. टेनिस कोर्टाची सगळी लांबी २३.७७ मीटर. बटण दाबून धरलं की काहीतरी सापडेलच, हा माझा भ्रम गणितानेच मोडला. शटरचं म्हणाल तर एक हजारांश सेकंदातही तो चेंडू साडेपाच सेंटिमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा. त्यामुळे चेंडू सापडला तरी लांबट अंड्यासारखा दिसतो.

गणित समजलं, पण बोट ऐकत नव्हतं. मी आपला खटखटखटखट चालूच. शेवटी पुढच्या रांगेतले एक आजोबा वळले. डोक्याला कानटोपी, हातात थर्मास. अत्यंत शांतपणे म्हणाले, "अहो, आपण टेनिस बघायला आलात, का मशीनगन चालवायला?"

भाची इतकी हसली की पंचांनी शांततेची विनंती केली ती बहुधा आमच्यासाठीच. टेनिसचा हा नियम नव्याने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावा: गुण चालू असताना बोलायचं नाही, उठायचं नाही, जागा बदलायची नाही. विषम क्रमांकाचा गेम संपला की खेळाडू बाजू बदलतात, त्या मधल्या वेळात काय ती हालचाल करायची. क्रिकेटच्या स्टेडियममध्ये वाढलेल्या आपल्या लोकांना हे जड जातं.

मी मशीनगन बंद केली आणि कॅमेरा एकेका फोटोवर ठेवला. मग भाचीनेच सांगितलं, "मामा, तू चेंडू आला की बटण दाबतोस. तेव्हा उशीर झालेला असतो. टॉस बघ. चेंडू वर जाऊन एक क्षण थांबतो ना, तिथून मोज."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. ही मुलगी चार वर्षं रोज संध्याकाळी तेच करत होती. चेंडू हवेत थांबतो तो क्षण तिच्या हाताला माहीत होता. मी टॉस बघायला लागलो. हात वर, चेंडू वर, गुडघे वाकले, आता! पहिले पाच-सहा चुकले. मग एक आला: चेंडू रॅकेटच्या तारांना अगदी टेकलेला. मी ओरडणारच होतो, पण आजोबांची कानटोपी दिसली आणि गप्प बसलो.

त्या दिवशीच्या एका उपांत्य सामन्यात क्रोएशियाचा इवो कार्लोविच आणि बेल्जियमचा स्टीव्ह डार्सिस होते. कार्लोविचची उंची २११ सेंटिमीटर. सात फुटांना जेमतेम कमी! डार्सिस साधारण आपल्या-तुमच्यासारखा, पावणेसहा फुटांच्या थोडा वर, आणि मोठ्या दुखापतीतून नुकताच परतलेला. दोघं नाण्याच्या वेळी जाळ्याजवळ उभे राहिले तेव्हा स्टेडियममध्ये खसखस पिकली. कार्लोविचचे माझे पहिले सगळे फोटो फुकट गेले, कारण मी कॅमेरा आडवा धरला होता. त्याचं डोकं फ्रेममध्ये, पण सर्व्हिस करणारा हात आणि रॅकेट फ्रेमच्या बाहेर, वर कुठेतरी आकाशात. कॅमेरा उभा केला तेव्हा कुठे माणूस मावला. इतक्या उंचावरून चेंडू येतो म्हटल्यावर समोरच्याला तो छपरावरून फेकल्यासारखा वाटत असणार.

दुसऱ्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन आणि फ्रान्सचा जील सिमॉन. आदल्या वर्षी याच कोर्टवरच्या अंतिम सामन्यात सिमॉनने अँडरसनला हरवलं होतं. अँडरसनही २०३ सेंटिमीटरचा. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात विंबल्डनच्या उपांत्य सामन्यात त्याने जॉन इस्नरला साडेसहा तासांहून जास्त खेळून हरवलं होतं, शेवटचा सेट २६-२४. भाचीला हे सगळं पाठ. तिने मला आणखी एक सांगितलं, "मामा, हा अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीत होता. कॉलेजकडून खेळायचा. आपला सोमदेव पण तसाच. व्हर्जिनियात शिकला आणि कॉलेजची चॅम्पियनशिप दोनदा जिंकली." ती सहज बोलली होती. पण मला मात्र ताईचा निरोप आठवला आणि मी लेन्सची काच पुसत बसलो.

शुक्रवारी अँडरसन आणि कार्लोविच जिंकले. रात्री मावशीकडे आठशे फोटो लॅपटॉपवर घेतले. मी चांगले म्हणून निवडत होतो ते, ज्यात खेळाडूचा आवेश दिसत होता. भाची दुसरेच निवडत होती. एका फोटोत सर्व्हिस घेणारा सिमॉन जमिनीपासून दोन इंच वर होता, दोन्ही पाय फाकलेले, रॅकेट पोटाशी, डोळे समोर. मी तो पुसणार होतो, कारण त्यात काहीच घडत नव्हतं.

"हा ठेव," ती म्हणाली. "समोरचा मारायच्या अगदी आधी सगळे अशी छोटी उडी मारतात. उतरताना मग डावीकडे नाहीतर उजवीकडे पळता येतं. हेच मला जमत नाही. सर रोज ओरडतात."

मी आठशेतले चाळीस ठेवले. त्यातले निम्मे तिने निवडलेले.

शनिवारी आम्ही लवकरच पोहोचलो. बाजूच्या एका कोर्टवर कुणीतरी सराव करत होतं, जाळीतून दिसत होतं. आम्ही वडापाव घेऊन सावलीत बसलो. मी घसा खाकरला. बसमध्ये पाठ केलेलं पहिलं वाक्य आठवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "मामा, आईने तुला काय सांगून पाठवलंय ते मला माहीत आहे."

"काय?"

"ती फोनवर बोलत होती तेव्हा मी गॅलरीतच होते."

मला काही सुचेना. ती मात्र शांतपणे वडापाव खात होती. मग म्हणाली, "मी पाच स्पर्धा खेळले. चारमध्ये पहिल्याच फेरीत हरले. मला काय माझा खेळ दिसत नाही? इथे हे लोक बघितल्यावर तर अजूनच दिसतो."

"मग?"

"मग काय? तुम्ही सगळे विचारता, टेनिस का दहावी. मला कोणी विचारतच नाही की टेनिसमध्ये काय पाहिजे. मला स्पर्धा नकोत. नवी रॅकेट नको. आठवड्यातले तीन दिवस खेळू द्या. बस. त्यात आईला काय वाटतं, मी नापास होईन?"

मी म्हणालो, "तसं नाही गं. दहावीला वेळ लागतो."

त्यावर तिने विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होती, "तू टेबल टेनिस सोडलंस तेव्हा तुझे किती मार्क वाढले?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. अकरावीत मी बॅट कपाटात ठेवली. रोजचे दोन तास वाचले. त्या दोन तासांत मी काय केलं ते आठवायचा मी त्या सावलीत बसून प्रामाणिक प्रयत्न केला. अभ्यास केल्याचं आठवत नाही. टीव्ही बघितल्याचं आठवतं, कोचिंगच्या बाहेर मित्रांबरोबर चहा प्यायल्याचं आठवतं. पीईटी झाली, बी.ई. झालं, नोकरी लागली, सगळं छान झालं. पण ते टेबल टेनिस सोडल्यामुळे झालं, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. आणि बॅट पुन्हा कपाटातून बाहेर आलीच नाही. "परीक्षा झाली की मग आहेच" हे वाक्य सांगणारे खोटं बोलत नव्हते. फक्त "मग" कधी येतं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मी एवढंच म्हणालो, "आईशी मी बोलतो. पण तीनचे दोन होतील, तयारी ठेव."

"दोन चालतील," ती म्हणाली. म्हणजे तीन हा तिचा भाव होता आणि दोन ही खरी किंमत. हे कौशल्य आमच्या ताईकडूनच आलेलं.

त्या दिवशी रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. दुहेरीचे फोटो काढणं हा वेगळाच आनंद आहे. चार माणसं, जाळ्याजवळची झटापट, आणि प्रत्येक गुणानंतर दोघांची कुजबुज, तोंडावर चेंडू धरून. आपली माणसं खेळत असल्यामुळे प्रेक्षकांचेही चेहरे बघण्यासारखे होते. बोपण्णा तेव्हा अडतीस वर्षांचा होता. याच माणसाने पुढे २०२४ मध्ये, त्रेचाळीसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पुरुष दुहेरी जिंकली आणि तो जगात पहिल्या क्रमांकावर गेला.

एकेरीच्या अंतिम सामन्यात दोन उंच माणसं समोरासमोर. कार्लोविच एकोणचाळीस वर्षांचा, फेब्रुवारीत चाळिशी पूर्ण करणार होता. १९७७ साली हाँगकाँगमध्ये केन रोझवॉल त्रेचाळीसाव्या वर्षी अंतिम सामना खेळला होता, त्यानंतर या दौऱ्यावर इतक्या वयाचा कोणी अंतिम फेरीत आला नव्हता. आमची जागा आज कोपऱ्यात, बेसलाइनच्या मागे उंचावर होती. फोटोसाठी ही जागा कालच्यापेक्षा चांगली. काल जाळ्याच्या रेषेत बसल्यामुळे सगळे चेहरे बाजूने मिळाले होते. इथून पलीकडचा खेळाडू समोरून दिसतो, मध्ये जाळं, खाली निळं कोर्ट, आणि पाठीमागे गर्दी कमी.

संध्याकाळच्या दिव्यांत फोटो काढताना आमच्यासारख्यांच्या लेन्सचा कस लागतो. प्रकाश कमी, म्हणून आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात. शटर कमी करावं तर रॅकेट धुरासारखी दिसते. मी दाणे पत्करले. शुक्रवारी शिकलेलं सगळं आता कामी येत होतं. टॉस मोजायचा, एकच फोटो, मग कॅमेरा खाली. कार्लोविच सर्व्हिस करून जाळ्याकडे धावे आणि एवढा मोठा माणूस गुडघ्याखालचा चेंडू उचलायला वाकत असे, तो फोटो माझा आवडता. अँडरसन महत्त्वाचा गुण मिळाला की मूठ आवळून स्वतःशीच काही बोलायचा, तोही सापडला.

पण खरी मजा मी भाचीचं ऐकून सर्व्हिस घेणाऱ्याकडे कॅमेरा धरला तेव्हा आली. इतक्या जोरात येणाऱ्या सर्व्हिसपुढे तो काय करू शकतो? बहुतेक वेळा काहीच नाही. चेंडू शेजारून निघून जातो, तो शांतपणे दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहतो, आणि पुन्हा ती छोटी उडी मारतो. पुन्हा चेंडू निघून जातो. पुन्हा उडी. इतके गुण हातातून जात असतानाही पुढच्या वेळी पाय तितकेच तयार. टीव्हीवर हे कधी दिसत नाही, कारण टीव्ही चेंडूच्या मागे असतो.

पहिला सेट टायब्रेकमध्ये अँडरसनने घेतला, ७-४. दुसरा टायब्रेकमध्येच कार्लोविचने, ७-२. तिसऱ्यातही सहा-सहा. स्टेडियममध्ये एका बाजूला चाळिशीला टेकलेल्या माणसासाठी आरडाओरडा, दुसऱ्या बाजूला अँडरसनसाठी. टायब्रेकमध्ये दर सहा गुणांनी खेळाडू बाजू बदलतात. माझ्या समोर कुणाचं तरी डोकं सारखं मध्ये येत होतं. ६-५, अँडरसनचा मॅच पॉइंट. या एका क्षणासाठी मी सहाशे किलोमीटर आलो होतो.

मी कॅमेरा उचलला आणि डोकं पुन्हा मध्ये आलं. लेन्स बाजूला घेतली तर त्यात भाची आली. पुढच्या रेलिंगवर हनुवटी, दोन्ही मुठी गालांशी, डोळे कोर्टवर. आणि तिच्या पायांच्या टाचा जमिनीवरून उचललेल्या. बसल्या जागी ती त्या सर्व्हिसची वाट बघत होती. मी बटण दाबलं. एकदाच.

तेवढ्यात गुण संपला. स्टेडियम उठून उभं राहिलं. ७-५, अँडरसन विजेता. मॅच पॉइंटचा माझ्याकडे एकही फोटो नाही.

रविवारी संध्याकाळी स्नेहलतागंजातल्या घरी सगळे जमले. लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडून मी निवडक फोटो दाखवले. चौदाशेतले पंचेचाळीस. कार्लोविचला बघून आई म्हणाली, "बाई गं, हा आपल्या घरात आला तर पंखा बंद करावा लागेल." सगळे हसले. शेवटचा फोटो भाचीचा होता. ती तेव्हा आत आजोबांना शेव देत होती. ताईने तो बराच वेळ बघितला. मग मला हळूच विचारलं, "समजावलंस का?"

"नाही," मी म्हणालो. "तिनेच मला समजावलं." आणि दोन दिवसांचा हिशेब पुढे ठेवला. स्पर्धा नाहीत, प्रवास नाही, नवीन खर्च नाही, आठवड्यातून दोन संध्याकाळी.

ताई लगेच हो म्हणाली असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवडाभर चर्चा झाली. ने-आण कोण करणार यावर अडलं, तेव्हा भाऊजी म्हणाले, मी करतो. डिसेंबरपर्यंत दोन दिवस, त्यानंतर बोर्डापर्यंत पूर्ण बंद, असं ठरलं. दोन्ही बाजूंनी ते पाळलं.

या गोष्टीला पुढे एक वळण मिळालं, जे कुणाच्याच हिशेबात नव्हतं. तिची दहावीची परीक्षा मार्च २०२० मध्ये झाली. "परीक्षा झाली की मग आहेच" मधला तो "मग" आला, आणि त्याच आठवड्यांत देश बंद झाला. कोर्ट, मैदानं, क्लब, सगळ्याला कुलपं. जानेवारी २०१९ मध्ये आम्ही तिला थांबवलं असतं, तर त्या मधल्या संध्याकाळी कधीच परत मिळाल्या नसत्या. मार्कांचं विचाराल तर चांगले मिळाले. आकडा लिहायला तिने मनाई केली आहे.

पुण्याची ती स्पर्धाही आता उरली नाही. २०२३ नंतर ती बालेवाडीत झाली नाही, आणि त्या पातळीची पुरुषांची स्पर्धा त्यानंतर भारतात झालेली नाही. तेव्हा आपल्या गावात किंवा जवळपास चॅलेंजर असो, राष्ट्रीय असो, कोणतीही स्पर्धा आली तर रिलीज पुढे ढकला पण जा, असं मी माझ्या वयाच्या मंडळींना सांगेन. कॅमेरा न्या, पण मशीनगन करू नका. उभा धरा. टॉस बघा. पहिला सेट नुसता बघा, दुसऱ्यात फोटो काढा. आणि शक्य असेल तर खेळणारं एखादं पोरगं बरोबर न्या. आपल्याला काय दिसत नाही ते त्याला दिसतं.

भाची आता बाहेरगावी इंजिनिअरिंगला आहे. हॉस्टेलच्या कोर्टवर खेळते. हरते, जिंकते, फोनवर त्याबद्दल फार बोलत नाही. गेल्या दिवाळीत घरी आली तेव्हा भाऊबीजेच्या सकाळी ती आणि भाऊजी खेळायला निघाले, मी कॅमेरा घेऊन मागे. थंडीची उन्हं होती, एक तास खेळले. मी तीस-चाळीस फोटोच काढले. परत येताना गाडीत तिने कॅमेरा मागून घेतला, एकेक फोटो बघत गेली आणि एका फोटोवर थांबली. पाय जमिनीपासून दोन इंच वर, रॅकेट पोटाशी, डोळे समोर.

"जमली बघ उडी," ती म्हणाली. "हा आईला पाठव."